जमिनीखालची ठेव आणि खडकांचा ताण

स्मरणिकेत एखादा तरी लेख विज्ञानावर असावा, असा संपादक मंडळाचा आग्रह असतो व विद्यार्थ्यांचीही तशी अपेक्षा असते. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर. विज्ञान शाळेत सुटले ते सुटलेच. तरीही हा विषय मुद्दाम निवडला, कारण तो वरवर वाटतो तितका परका नाही. कोयना आणि किल्लारी या दोन नावांनी ज्यांच्या अंगावर काटा येतो, त्या महाराष्ट्रातील माणसांना खडकात ताण साठतो म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. फक्त ते नीट मांडून घ्यावे लागते.

कोळसा, डिझेल, गॅस जाळले की कार्बन डायऑक्साइड हा वायू तयार होतो, तो हवेत साठतो आणि पृथ्वीचे तापमान वाढवतो, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. यावरील उपायांपैकी एक उपाय असा सुचवला जातो की, हा वायू कारखान्याच्या किंवा वीज केंद्राच्या धुराड्यापाशीच वेगळा काढावा, दाबून घट्ट करावा आणि बोअरमधून जमिनीत एक-दोन किलोमीटर खोल सोडून द्यावा. आपल्याकडे नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. चर्चा निघाली की लोक पहिला प्रश्न विचारतात, "एवढा वायू मावेल का?" मावण्याजोगी जागा पृथ्वीच्या पोटात पुष्कळ आहे. अडचण निराळीच आहे. वायू आत दाबला की तेथील खडक काय करतील, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या मुळाशी ज्या विद्येची गरज लागते तिला खडकांचे यांत्रिकी म्हणतात. कोणत्या खडकावर कोणत्या दिशेने किती ताण आहे, तो किती सोसेल आणि केव्हा सरकेल, याचे हे शास्त्र. त्यात ज्यांनी उभे आयुष्य घालवले अशांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे भूभौतिकशास्त्रज्ञ मार्क झोबॅक. १९७५ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली, पुढे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात काम केले आणि १९८४ मध्ये ते स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले. तेलविहिरी, भूकंप आणि वायूची साठवण या तिन्ही क्षेत्रांत त्यांचे काम आहे. २०१२ साली स्टीव्हन गोरेलिक या सहकाऱ्याबरोबर त्यांनी एक छोटा निबंध लिहिला आणि जमिनीखाली कार्बन पुरण्याच्या कल्पनेवर मोठे प्रश्नचिन्ह उभे केले. तो निबंध समजण्यासाठी आधी थोडी तयारी करावी लागेल.

प्रथम एक गैरसमज दूर करू. वायू साठवायचा म्हणजे जमिनीखाली एखादी मोठी गुहा आहे आणि तीत तो भरायचा आहे, असे नव्हे. ओल्या वाळूत पाणी कोठे असते? कणाकणांच्या मधल्या फटीत. वालुकाश्म नावाचा खडक म्हणजे अशीच वाळू, कोट्यवधी वर्षे दबून घट्ट झालेली. तिच्या छिद्रांत वायू शिरतो. पण ती छिद्रे रिकामी नसतात, त्यांत आधीपासूनच खारे पाणी भरलेले असते. म्हणजे वायूला आत जागा हवी असेल तर पाण्याला सरकावे लागते. पाणी चटकन सरकले नाही की दाब वाढतो. गर्दीच्या लोकलमध्ये आणखी दहा माणसे चढली तर जे होते तेच. या वाळूच्या थरावर चिकट, बारीक कणांच्या शेल खडकाचे झाकण असावे लागते, नाहीतर पाण्याहून हलका असलेला हा वायू वर वर येत राहील.

हजार मीटर खोलीवर मात्र या वायूचे रूप पालटते. तापमान ३१ अंशांच्या वर आणि दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ७३ पटींच्या वर गेला की तो धड वायू राहत नाही, धड द्रवही होत नाही. साधारण ८०० मीटरच्या खाली ही स्थिती असते. जमिनीवर एक टन कार्बन डायऑक्साइडला पाचशे घनमीटरांहून अधिक जागा लागते. तोच तेवढ्या खोलीवर दीड-दोन घनमीटरांत बसतो. म्हणून तर हा खटाटोप शक्य आहे.

हे काम सर्वप्रथम मोठ्या प्रमाणावर केले नॉर्वेने. १९९१ मध्ये त्या देशाने हवेत कार्बन सोडण्यावर कर बसवला. उत्तर समुद्रातील स्लाइपनर या क्षेत्रातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जास्त होते. तो हवेत सोडून कर भरण्यापेक्षा समुद्रतळाखालीच परत पुरलेला बरा, असा हिशेब कंपनीने केला आणि १९९६ पासून वर्षाला जवळजवळ दहा लाख टन वायू उत्सिरा नावाच्या वालुकाश्मात जाऊ लागला. ती वाळू सैल, सच्छिद्र आणि अफाट पसरलेली आहे. दाब फारसा चढला नाही. जगभर या एका उदाहरणाचे गोडवे गायले गेले आणि ते रास्तच होते. पण सगळीकडचा खडक उत्सिरासारखा नसतो.

आता खडकांच्या स्वभावाकडे वळू. त्यासाठी प्रयोगशाळेत जायची गरज नाही. ओल्या ओट्यावर गरम आमटीची वाटी ठेवली की ती कधीकधी कोणीही हात न लावता आपोआप सरकते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले असेल. लहानपणी आम्हाला त्यात काही चमत्कार वाटे. कारण साधे आहे. वाटीच्या बुडाला कडा असते, त्या कडेच्या आतल्या पोकळीत थोडी हवा अडकते आणि कडेखालचे पाणी ती बाहेर जाऊ देत नाही. आमटीच्या उष्णतेने ती हवा फुगते आणि वाटीला किंचित उचलून धरते. वाटीचे वजन कमी झालेले नसते. पण ओट्यावर तिचे जे दाबून बसणे होते, ते कमी होते. दाबून बसणे कमी, म्हणून घर्षण कमी, म्हणून वाटी सरकते. १९५९ साली हबर्ट आणि रुबी या दोन शास्त्रज्ञांनी हेच तत्त्व लावून दाखवले की, खडकांच्या प्रचंड थरांखाली पाण्याचा दाब वाढला तर ते थर अगदी लहान उतारावरही सरकू शकतात. त्यांनी उदाहरणासाठी बिअरचा थंडगार रिकामा डबा ओल्या काचेवर ठेवला होता. आपल्याला आमटीची वाटी बरी.

पृथ्वीच्या कवचात सर्वत्र जुन्या भेगा आहेत. ज्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर घासून सरकलेल्या असतात, तिला भ्रंश म्हणतात. दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात म्हणून त्या थांबून राहतात. बायर्ली या शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये दाखवून दिले की, खडक कोणताही असो, घर्षणाचा आकडा बहुधा ०.६ ते ०.८५ यांच्या दरम्यान असतो. विद्यार्थ्यांसाठी हिशेब करून दाखवतो. समजा, भ्रंशाच्या दोन बाजू १०० या जोराने दाबलेल्या आहेत आणि भेगेतील पाण्याचा दाब ४० आहे. पाणी आतून ढकलते, म्हणून प्रत्यक्ष दाबून बसणे उरले ६०. घर्षण ०.६ धरले तर भ्रंश ३६ एवढा सरकवणारा जोर सोसू शकेल. समजा, त्याच्यावर आधीपासून ३५ एवढा जोर आहे. भ्रंश शांत आहे, वर शेती चालू आहे, कोणाला काही कळत नाही. आता पाण्याचा दाब ४० वरून फक्त ४२ केला. दाबून बसणे झाले ५८, त्याचे ०.६ पट म्हणजे ३४.८. जोर ३५ आहे. भ्रंश सरकला! हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, परंतु तर्क नेमका हाच आहे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. भूकंपाची शक्ती त्या वाढीव दोन आकड्यांतून आलेली नाही. ती आधीच्या पस्तीसांत होती. पाण्याने फक्त अडसर काढला. म्हणूनच झोबॅक यांच्या निबंधाच्या शीर्षकात भूकंप 'घडवण्या'चा नव्हे, तर 'चेतवण्या'चा उल्लेख आहे. आपल्याकडे प्रतीत्यसमुत्पादाचा अभ्यास करणाऱ्यांना हा भेद लगेच उमगेल: एका घटनेमागे अनेक प्रत्यय असतात, त्यांपैकी शेवटचा दिसतो आणि बाकीचे मुकाट्याने उभे असतात.

मग सगळा प्रश्न असा उरतो की, जमिनीखाली ठिकठिकाणी तो आधीचा आकडा किती असतो? ३५ की १०? झोबॅक यांचे आयुष्यभराचे काम या एका प्रश्नाभोवती आहे. ताण मोजण्याची त्यांची रीत मोठी मजेशीर आहे. खोल बोअर पाडली की तिचे तोंड गोल असते, पण खाली खडकावर एका दिशेने अधिक ताण असेल तर बोअरच्या भिंतीचे कपचे उडतात आणि तेही समोरासमोरच्या दोनच बाजूंना. कपचे ज्या बाजूंना उडाले तिच्या काटकोनात सर्वांत मोठा ताण असतो. तेलकंपन्यांना ही पडझड म्हणजे डोकेदुखी वाटे. झोबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा होकायंत्र म्हणून उपयोग केला. अशा हजारो नोंदी जमवून १९८६ ते १९९२ या काळात जगातील ताणांचा नकाशा तयार झाला. त्या प्रकल्पाचे नेतृत्व मेरी लू झोबॅक या शास्त्रज्ञ स्त्रीने केले, हेही आपल्या मुलींनी ध्यानात ठेवावे.

या सगळ्या मोजमापांतून जे निघाले ते धक्का देणारे होते. भूकंपाच्या पट्ट्यांपासून दूर, खंडांच्या मध्यभागी, जेथे सर्व काही स्थिर आहे असे मानले जाते, तेथेही खोलवरचे कठीण खडक जवळजवळ सरकण्याच्या बेतात असतात. जर्मनीत बव्हेरिया प्रांतात शास्त्रीय अभ्यासासाठी ९,१०१ मीटर खोल बोअर पाडली होती. १९९४ मध्ये तिच्या तळाशी सुमारे २०० घनमीटर खारे पाणी सोडण्यात आले. म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. उन्हाळ्यात एका मोठ्या वसाहतीला लागते तेवढे. खोलवरच्या नैसर्गिक दाबाच्या मानाने दाबातील वाढ सुमारे एक टक्क्याची होती. तरीसुद्धा जवळजवळ ४०० सूक्ष्म भूकंप नोंदले गेले. सर्वांत मोठा १.२ प्रतीचा, म्हणजे कोणालाही न जाणवणारा. इजा काही झाली नाही, पण खडकाने आपला स्वभाव सांगितला.

हे ज्ञान काही अगदी नवे नव्हते. अमेरिकेतील डेन्व्हर शहराजवळ सैन्याच्या रासायनिक कारखान्याने आपले विषारी सांडपाणी ३,६७१ मीटर खोल विहिरीत मार्च १९६२ पासून सोडायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत त्या भागात धक्के बसू लागले. फेब्रुवारी १९६६ मध्ये सांडपाणी सोडणे बंद झाले. तरी सर्वांत मोठा, सुमारे पाच प्रतीचा धक्का त्यानंतर, १९६७ मध्ये बसला. नळ बंद केला म्हणून आत गेलेला दाब लगेच थांबत नाही. तो पसरत राहतो. पुढे त्याच कोलोरॅडो राज्यात रँजली या तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी १९६९ ते १९७३ या काळात ठरवून प्रयोग केला. खडकाचे नमुने तपासून त्यांनी आधीच आकडा काढला की, दाब अमुक पातळीच्या, सुमारे २५७ बारच्या, वर गेला तर भ्रंश सरकेल. दाब त्याच्यावर नेला, भूकंप सुरू झाले. खाली आणला, थांबले. पुन्हा वर नेला, पुन्हा सुरू. माझ्या मते विसाव्या शतकातील भूशास्त्राचा हा सर्वांत प्रामाणिक प्रयोग होय. आधी भाकीत, मग पडताळा.

डेन्व्हरचा मोठा धक्का आणि आपला कोयनेचा भूकंप एकाच वर्षातील. कोयना धरणात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि परिसरात लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ प्रतीचा भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि सुमारे दोनशे माणसे दगावली. तेथे कोणी पंपाने पाणी दाबले नव्हते. जलाशयातील पाणी आपल्या भाराने भेगांतून खाली झिरपले आणि आधीच ताणलेल्या भ्रंशातील दाब वाढला, असे आता बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पाच किंवा त्याहून अधिक प्रतीचे वीसहून जास्त धक्के तेथे आजवर झाले आहेत. एवढ्या लहान प्रदेशात इतकी वर्षे चालू राहिलेले धरणजन्य भूकंप जगात दुसरीकडे नाहीत. डॉ. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या भारतीय शास्त्रज्ञांनी त्यांचा अनेक दशके पाठपुरावा केला. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने कराड येथे प्रयोगशाळा उभारली आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोल बोअर घेतली. तेथे सव्वा किलोमीटरच्या आसपास काळा कातळ आहे आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचे प्राचीन खडक.

किल्लारीची गोष्ट वेगळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतरच्या त्या रात्री, लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर जे घडले, त्यात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. (उस्मानाबादचे नाव आता धाराशिव.) ज्या प्रदेशाला पिढ्यानपिढ्या स्थिर म्हटले जात होते, त्याच्या पोटातही ताण होता, एवढे मात्र त्या पहाटेने सिद्ध केले. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयाला भिडतो. त्या रेट्याचा वाटा मराठवाड्यालाही मिळतो.

आता २०१२ चा निबंध. झोबॅक आणि गोरेलिक यांनी साधा त्रैराशिकाचा हिशेब मांडला. वातावरणावर खरोखर परिणाम व्हायचा असेल तर वर्षाला अब्जावधी टन वायू पुरावा लागेल. त्यासाठी या शतकाच्या मध्यापर्यंत स्लाइपनरसारखी सुमारे ३,५०० ठिकाणे लागतील. उत्सिरासारखी सैल, मऊ वाळू काही ठिकाणी मिळेल, पण साडेतीन हजार ठिकाणी? जेथे कठीण, ठिसूळ खडक आहे तेथे एवढ्या प्रमाणावर वायू दाबला तर कोठे ना कोठे भ्रंश सरकणारच. त्यांचे भय घरे पाडणाऱ्या भूकंपाचे नव्हते. चार प्रतीच्या मामुली भूकंपातही भ्रंश काही सेंटीमीटर सरकतो, आणि तेवढ्याने वरच्या शेलच्या झाकणाला वाट पडू शकते. मग इतक्या खर्चाने पुरलेला वायू हळूहळू वर येणार.

ज्या बँकेत मी नोकरी करतो तेथील भाषेत सांगायचे तर ही मुदत ठेव आहे, आणि तिची मुदत कधीच संपू द्यायची नाही. हजार वर्षांत एक टक्क्याहून अधिक गळती नको, ही अपेक्षा त्या निबंधात दिली आहे. हजार वर्षे! आमच्याकडे दहा वर्षांपूर्वीची पावती काढायची तर रेकॉर्ड रूममध्ये दोन दिवस जातात.

या निबंधावर लगेच आक्षेप आले. मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेतील हुआनेस, हेगर आणि हर्झॉग यांनी त्याच वर्षी उत्तर दिले की, दक्षिण कॅलिफोर्नियात सतत भूकंप होत असूनही तेथील तेल आणि वायू भूगर्भात युगानुयुगे टिकून आहेत. मग भ्रंश हलला म्हणजे गळती झालीच, असे कशावरून? २०१५ मध्ये स्पेनचे विलारासा आणि कारेरा यांनी दुसरा मुद्दा मांडला. खोलवरचे कठीण खडक सरकण्याच्या बेतात असतील, पण वायू जेथे साठवायचा ते वरचे गाळाचे खडक मऊ असतात, त्यांत इतका ताण साठत नाही. शिवाय आरंभी चढलेला दाब पुढे उतरतो. झोबॅक यांनी त्यांनाही प्रत्युत्तर दिले. वाद मिटलेला नाही. कालाम लोकांना तथागतांनी जो उपदेश केला तो आपण सभांतून वारंवार ऐकतो. एवढा नामवंत प्राध्यापक म्हणतो म्हणून न मानणे, हे या वादात मला प्रत्यक्ष पाहायला मिळाले. आणि विरोधकांनीही शिव्याशाप न देता खडकांचे पुरावेच पुढे केले.

प्रत्यक्ष अनुभव कोणाच्या बाजूने बोलतो? दोघांच्याही. अल्जीरियातील वाळवंटात इन सलाह येथे २००४ ते २०११ या काळात सुमारे ३८ लाख टन वायू पुरण्यात आला. खडकाचा थर जेमतेम वीस मीटर जाड आणि घट्ट. उपग्रहावरून पाहिले तर बोअरच्या वरची जमीन वर्षाला काही मिलिमीटर फुगत होती, पोळी शेकताना फुगते तशी. खाली झाकणाच्या खडकात भेगा पडत असाव्यात अशी शंका आली आणि २०११ मध्ये काम थांबवण्यात आले. वायू जमिनीवर आला नाही, पण विश्वास डळमळला. नॉर्वेच्याच स्नोव्हिट क्षेत्रात २००८ मध्ये काम सुरू झाले, दाब अपेक्षेपेक्षा फार वेगाने चढला. तेव्हा त्यांनी २०११ मध्ये दुसरा थर निवडला आणि काम पुढे चालू ठेवले. दाबावर कोणी डोळ्यात तेल घालून नजर ठेवली, तर वेळीच पाऊल मागे घेता येते, असे ही दोन्ही उदाहरणे सांगतात.

नजर ठेवली नाही तर काय होते, ते ओक्लाहोमाने दाखवले. तेथे कार्बन नव्हे, तेलाबरोबर वर येणारे खारे पाणी पुन्हा जमिनीत सोडत होते, तेही थेट कठीण पायाभूत खडकांना लागून असलेल्या थरात. ज्या राज्यात पूर्वी तीन प्रतीहून मोठे भूकंप वर्षाला एक-दोन होत, तेथे २०१५ या एका वर्षात असे सुमारे ९०० झाले. झोबॅक आणि त्यांचे विद्यार्थी रॉल वॉल्श यांनी त्याच वर्षी दाखवून दिले की, भूकंपांची वाढ आणि त्या त्या भागात सोडलेल्या पाण्याची वाढ यांचा मेळ बसतो. सप्टेंबर २०१६ मध्ये ५.८ प्रतीचा धक्का बसला. सरकारने पाणी सोडण्यावर मर्यादा घातल्या आणि धक्क्यांची संख्या उतरू लागली. रँजलीचा नळ, फक्त राज्याएवढा मोठा. चाळीस वर्षांपूर्वी छापलेला प्रयोग सर्वांना उपलब्ध असताना हे घडावे, याचे मला सर्वाधिक नवल वाटते.

आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाबद्दल दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण अलीकडे त्याचे नाव या संदर्भात घेतले जाते. आइसलँडमध्ये २०१२ मध्ये एक प्रयोग झाला. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून, सोडावॉटरच करून म्हणा ना, बेसाल्टमध्ये ४०० ते ८०० मीटर खोल सोडला. बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह विपुल असते. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक वायूचा चुनखडीसारखा दगड झाला, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. वायूचा दगड झाला की झाकणाची चिंताच मिटली. दख्खनचा बेसाल्ट पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत. ऐकून उर भरून येतो. पण थोडे थांबावे. आइसलँडच्या प्रयोगात एकूण वायू जेमतेम काही शे टन होता, आणि एक टन वायूसाठी सुमारे पंचवीस टन पाणी लागले. मराठवाड्यात हे पाणी कोण देणार? आइसलँडचा बेसाल्ट तरुण आणि सच्छिद्र. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, त्यातील बऱ्याच पोकळ्या गारगोटी व इतर खनिजांनी भरून गेलेल्या. आणि कोयनेच्या बोअरने दाखवले तसे, त्या कातळाखाली ताण घेतलेला जुना कठीण खडक बसला आहे. वरच्या थरात दाबलेले पाणी त्या खडकाच्या भ्रंशापर्यंत पोहोचेल की नाही, हे प्रत्येक जागी स्वतंत्र मोजावे लागेल. बोअर न घेता नकाशावर हिरवा रंग भरून हे ठरत नाही.

शेवटी एका गावाची हकीकत. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळ बारेंड्रेख्ट नावाचे शहर आहे. शहराखालच्या रिकाम्या झालेल्या वायूक्षेत्रांत जवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा कार्बन डायऑक्साइड पुरायचे शेल कंपनीने आणि सरकारने ठरवले. अशी जुनी वायूक्षेत्रे खडकांच्या दृष्टीने बरी मानतात, कारण त्यांतील दाब आधीच उतरलेला असतो. तांत्रिक अहवाल अनुकूल होते. परंतु रहिवाशांनी विचारले, आमच्याच घरांखाली का? हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्याने पायाखाली काय चालले आहे हे विचारायचे नाही तर कोणी विचारायचे? सभा झाल्या, नगरपालिका विरोधात गेली, तीन वर्षे गेली आणि नोव्हेंबर २०१० मध्ये सरकारने प्रकल्प रद्द केला. त्याच रॉटरडॅमचा नवा पोर्थोस प्रकल्प, ज्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली, तो समुद्राखालच्या वायूक्षेत्रासाठी आहे. नॉर्वेनेही २०२५ मध्ये इतरांचा वायू जहाजाने आणून समुद्रतळाखाली पुरायला सुरुवात केली.

युरोपने असा समुद्राचा आसरा घेतला. आपली चंद्रपूर आणि कोराडीची वीज केंद्रे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहेत. त्यांच्या धुराड्यांतला वायू पुरायची वेळ आली तर तो कोणत्या तरी गावाखाली जाईल. त्या गावाला आधी विचारले जाईल का, जवळचा भ्रंश किती अंतरावर आहे हे त्याला मराठीत सांगितले जाईल का, आणि कंपनमापकाच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतील का, हे प्रश्न विचारायला भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. आमटीच्या वाटीचा हिशेब तेवढा समजलेला असावा लागतो.